तळच्या फळीवरची बाटली

चावीवाल्याच्या दुकानावर एक पाटी होती: ‘दुकान बंद असेल तर समोर बारमध्ये विचारा.’ पाटी त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली होती आणि पुढे हीच पाटी त्याच्या मुळावर उठली. पण ते नंतर.

पाटी लावण्यात काही गैर नव्हतं. माणसाची चावी हरवते दिवसा, पण हरवली हे कळतं रात्री, दारात उभं राहून खिसे चाचपताना. मग शेजारीपाजारी सांगतात, नाक्यावर चावीवाला आहे, बघा. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी, त्यात एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. ती बंद असली तरी समोर बारचा दिवा उशिरापर्यंत जळत असायचा आणि आत तिसऱ्या टेबलाशी, भिंतीकडे पाठ करून, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून चावीवाला बसलेला असायचा. गिऱ्हाईक आलं की पिशवी उचलायची, जायचं, दार उघडून द्यायचं आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसायचं. वर्षानुवर्षं हा शिरस्ता होता.

बारला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे वहिनींचा बार. वहिनींचे यजमान होते तेव्हा त्यांच्या नावानं ओळखला जायचा, ते गेले आणि गल्ल्यावर वहिनी बसल्या. फ्रिजचं दार दोरीनं बांधलेलं, खुर्च्या दोन वेगवेगळ्या संचांतल्या, पंखा चालू केला की आधी कण्हायचा आणि मग फिरायचा. खारे दाणे मात्र ताजे. तिथं येणारी माणसंही तशीच होती, साधी, कामावरून थकून आलेली, घरी जायला नाखूश.

तिसऱ्या टेबलाशी कायमचे तिघं. एक चावीवाला. दुसरा शिंपी, ज्याच्या सदऱ्याला कुठं ना कुठं दोरा चिकटलेला असायचाच आणि ज्याच्या तोंडाला कधी टाका पडला नाही. तिसरा ड्रायव्हर. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाला, पण अजून खुर्चीतून उठताना उजवीकडे डावीकडे बघून घ्यायचा. बोलायचा कमी, मान हलवायचा जास्त. शिंपी बोलायचा, ड्रायव्हर मान हलवायचा आणि चावीवाला हसायचा, अशी त्या टेबलाची कामाची वाटणी होती.

आता खरी गोष्ट. चावीवाल्यानं दारू सोडून वर्ष उलटून गेलं होतं आणि हे त्या टेबलावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोडली ती कुणाच्या उपदेशानं नाही. उपदेश त्यानं आयुष्यात पुष्कळ ऐकले, बायकोचे तर पाठच होते. बायको वारली तेव्हाही सुटली नाही, उलट वाढली. मग मुलीला मुलगी झाली. चावीवाला नातीला बघायला गेला, मुलीनं हौसेनं बाळ त्याच्या हातात दिलं आणि त्याचे हात थरथरू लागले. सकाळची वेळ, तेव्हा काही घेतलेलं नव्हतं. न घेतल्यामुळंच थरथरत होते. मुलीनं ते पाहिलं आणि काही न बोलता बाळ हळूच परत काढून घेतलं. बोलली असती, चार शब्द ठेवून दिले असते, तर त्यानं ऐकून सोडून दिलं असतं. त्या न बोलण्यानं मात्र त्याची झोप उडाली. परत आला आणि सोडली.

सोडली हे ठीक, पण बसायचं कुठं? घरात बायकोचा फोटो आणि नळाची टपटप. शिवाय रात्रीची गिऱ्हाइकं पाटी वाचून बारमध्येच येणार. आणि टेबलावर सांगायची सोय नव्हती, कारण कंपाउंडरचं काय झालं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कंपाउंडर हा या टेबलाचा चौथा. त्यानं एके दिवशी जाहीर केलं, सोडली. शिंप्यानं उठून हात मिळवला, ड्रायव्हरनं पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून सुरू: आज तरी? नुसता ग्लास धरून तर बस. आमच्या समाधानासाठी ओठ लाव. सगळं प्रेमानं हं. आठवडा गेला न गेला तोच पठ्ठ्या पुन्हा प्यायला लागला, तोही दुप्पट, आणि शेवटी मुलानं येऊन त्याला गावी नेलं. मंडळी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं होतं, टेबल बदललं असतं.

म्हणून चावीवाल्यानं फक्त वहिनींना सांगितलं. वहिनींनी फार कौतुक केलं नाही. घरी एकटे बसलात तर महिन्याभरात पुन्हा सुरू कराल, त्यापेक्षा इथंच माझ्या डोळ्यांसमोर बसा, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी रमची एक रिकामी बाटली धुतली, कोरा चहा चांगला काळसर उकळला, गार करून त्या बाटलीत भरला, तिच्या मानेला लाल रबर अडकवलं आणि बाटली तळच्या फळीवर ठेवून दिली. वेटरला सांगून टाकलं की रबरवाली बाटली चावीवाल्यांची, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. का, ते नाही सांगितलं. वेटरनंही विचारलं नाही. बारमध्ये प्रत्येकाची काही ना काही तऱ्हा असते.

तर रोज रात्री चावीवाल्यापुढं ग्लास यायचा, वर बर्फ, वर थोडा सोडा. रंग तंतोतंत. वासाची भीती नव्हती, कारण ज्याच्या तोंडाला वास त्याला दुसऱ्याचा वास कुठला कळायला! कष्ट होते ते नाटकाचे. दुसऱ्या ग्लासानंतर जरा मोठ्यानं बोलायचं, तिसऱ्यानंतर डोळे ओलावून बायकोची आठवण काढायची. पीत होता तेव्हा एवढी मेहनत त्याला कधी पडली नव्हती. वर त्या चहानं रात्र रात्र झोप यायची नाही, पांघरुणात घुबडासारखा टक्क जागा. पण हातांची थरथर थांबली. बारीकसारीक कुलपंसुद्धा पहिल्या प्रयत्नात उघडायला लागली आणि शिंपी म्हणायचा, बघ, रम पोटात गेली की हात कसा बसतो ते.

मुलीला त्यानं फोनवर सांगितलं होतं. ती इस्पितळात नर्स. बाळंतपणाची रजा संपून दिवसपाळी झाली, आता पुन्हा रात्रपाळी लागणार होती. जावई फिरतीवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. रात्री बाळाजवळ झोपायला घरचं माणूस हवं होतं आणि घरचं माणूस म्हणजे आता एकच उरलं होतं. मुलीनं विचारलं, खरंच सोडली? तो म्हणाला, खरंच. मग ती म्हणाली, “बाबा, मी भांडणार नाही, रडणार नाही. एकदा जरी पिताना दिसलात ना, तर तिला घेऊन निघून जाईन. मग पुन्हा बोलावू नका.”

तो बरं म्हणाला. बारमध्ये अजूनही बसतो हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दारू सोडली म्हणजे बारही सोडला, असं कुणीही शहाणं माणूस धरूनच चालणार.

रविवारी ती त्याला न्यायला येणार होती. चावीवाल्यानं घर झाडलं, कपडे भरले आणि हौसेनं दाराला नवीन कुलूप घातलं. एवढे दिवस घर बंद राहणार, तर चांगलंच असू दे म्हणून. जुन्या कुलपाची एक चावी मुलीकडं असते, हे त्याच्या डोक्यातूनच गेलं. दुनियेच्या चाव्या लक्षात ठेवणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार.

आता त्या रात्रीचं. रविवारला अजून अवकाश होता. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, त्या इस्पितळात दाखल होत्या, आणि गल्ल्यावर त्यांचा थोरला भाऊ. वहिनींनी भावाला सगळं नीट समजावलं होतं. फ्रिजची दोरी कशी बांधायची, कोणता नळ गळतो, कुणाशी वाद घालायचा नाही. तळच्या फळीवरच्या बाटलीचं तेवढं सांगायचं राहिलं. चोरी रोजचीच झाली की ती चोरी आहे हेच माणूस विसरतो.

हा भाऊ म्हणजे दूध डेअरीतला निवृत्त तपासनीस. सारा जन्म भेसळ पकडण्यात गेलेला. घरी बायकोनं वाढलेलं वरणसुद्धा आधी हुंगायचा आणि मग जेवायचा, असं वहिनीच सांगायच्या. असा माणूस दुपारी रिकाम्या बारमध्ये बसला तर काय करील? त्यानं एकेक बाटली उघडून हुंगायला घेतली. वरची फळी झाली, मधली झाली, तळच्या फळीवर लाल रबरवाली सापडली आणि बूच काढल्याबरोबर त्याचं डोकं सणकलं. चहा! भोळ्या बहिणीची दारू कुणीतरी चोरून पितंय आणि बाटलीत चहा भरून ठेवतंय. वेटरला विचारलं ही कुणाची, तर तो म्हणाला चावीवाल्यांची, रोज यातलीच देतो. म्हणजे बिचाऱ्या गिऱ्हाइकाच्या घशात रोज चहा! तपासनिसानं बाटली बेसिनमध्ये उपडी केली, तीनदा विसळली, नवीकोरी रम फोडून तिच्यात भरली, रबर पुन्हा नीट अडकवलं आणि बाटली जागेवर ठेवली. निवृत्तीनंतर इतकं समाधान त्याला पहिल्यांदाच मिळालं असेल.

चावीवाला नेहमीच्या वेळी आला. फोन दुकानात चार्जिंगला लावून आला होता. शिंपी एका गिऱ्हाइकाच्या पोटाची कथा सांगत होता, जे दर महिन्याला त्याच पँटची कंबर सैल करून घ्यायला येतं आणि दर वेळी कापडालाच दोष देतं. ड्रायव्हर मान हलवत होता. वेटरनं ग्लास आणून ठेवला. चावीवाल्यानं हसता हसता तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि तिथंच थांबला.

नाकाला वास कळण्याआधी जिभेखाली पाणी सुटलं. वर्षभर जे शरीर गप्प होतं, ते एका क्षणात उठून बसलं. त्यानं ग्लास खाली ठेवला. ठेवताना थोडं बोटांवर सांडलं आणि ती बोटं त्यानं पँटला पुसली, हे त्याच्या त्यालाच फार मोठं काम वाटलं.

काय झालं असेल ते त्याच्या लक्षात आलं. वहिनी नाहीत, नवा माणूस आहे, घोटाळा झालाय. वेटरला हाक मारून ग्लास परत द्यायचा, साधी गोष्ट. पण परत द्यायचा तर काय म्हणून द्यायचा? यात दारू आहे म्हणून? बारमध्ये? शिंपी लगेच विचारणार, मग रोज काय असतं रे? तसाच ठेवावा तर शिंपी तेही बघणार. ओतून टाकायला शेजारी कुंडी असते ती सिनेमात. इथं शेजारी ड्रायव्हरचे बूट होते.

आणि खोटं कशाला बोला, परत द्यायचं मनातही नव्हतं. मनात दुसरंच चाललं होतं. एकच तर आहे. आपण मागितली नाही, आपोआप समोर आली. रविवारपर्यंत वास जातो.

वास. या शब्दाशी तो अडला.

मुलगी लहान होती तेव्हाची गोष्ट. तो रात्री घरी आला की बायको स्वतः पुढं यायची नाही. आतूनच मुलीला म्हणायची, जा, बाबांना पापा दे. पोरगी धावत यायची, तो तिला उचलून घ्यायचा, ती गालाला गाल लावायची आणि उतरून आत जाऊन सांगायची, “आई, वास नाही.” त्या रात्री घरात शांतता. तो येताना पेपरमिंटच्या गोळ्या चघळत यायचा आणि आपल्या हुशारीवर खूश असायचा. मग एका रात्री गोळ्या संपल्या होत्या. पिऊनही जास्तच आला होता, वास असा की कुत्रं लांब पळालं असतं. पोरीला उचललं, तिनं गालाला गाल लावला, थोडं थांबली आणि आत जाऊन म्हणाली, “आई, वास नाही.” तेव्हा त्याला कळलं की पेपरमिंटनं कधीच काही केलं नव्हतं. एवढीशी पोर घरात भांडण नको म्हणून रोज खोटं बोलत होती. बायकोलाही ते कळत असणार, तिला काय नाक नव्हतं? हे कळल्यावर त्यानं काय करावं? त्यानं गोळ्या आणणं बंद केलं. म्हटलं, आता गरज नाही.

हे आठवलं की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटायची. आताही वाटली. तरी उजवा हात ग्लासाभोवतीच होता, तो काही सुटत नव्हता. शिंप्यानं विचारलं, आज गाडी पुढं का सरकत नाही? तो म्हणाला, सरकेल.

आणि तेवढ्यात दार ढकलून मुलगी आत आली.

खांद्यावर नात झोपलेली, दुसऱ्या हातात बॅग, चेहरा प्रवासानं उतरलेला. रात्रपाळीचा दिवस अलीकडं आला म्हणून ती रविवारची वाट न बघता आजच निघाली होती. बस रखडली. फोन लावला तर उचलला जाईना. घरी पोचली तर तिच्या चावीनं कुलूप उघडेना. कुलूपवाल्याची लेक कुलपाबाहेर! दुकानाशी आली आणि बापाच्या अक्षरातली पाटी वाचली.

तिनं बापाला पाहिलं, बापाच्या हाताकडं पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

पहिला हलला तो शिंपी. मुलीला त्यानं लहानपणापासून पाहिलेली, तिचे शाळेचे फ्रॉक त्यानंच शिवलेले. मुलगी न्यायला येणार आणि तिला दारूचा तिटकारा आहे, एवढं टेबलाला माहीत होतं. मित्र संकटात आहे हे त्याला एका नजरेत कळलं आणि त्यानं चपळाईनं चावीवाल्याच्या हाताखालचा ग्लास आपल्याकडं ओढला.

“ये पोरी, बस,” शिंपी म्हणाला. “तुझे बाबा नुसते गप्पा मारायला बसतात हो आमच्यात. वर्ष झालं, थेंबाला शिवले नाहीत.”

ड्रायव्हर आयुष्यात पहिल्यांदा न विचारता बोलला. “माझी शपथ,” तो म्हणाला. “एक थेंब नाही.”

दोघंही आपल्या समजुतीनं खोटं बोलत होते, मित्रासाठी बोलत होते आणि शब्दन् शब्द खरा होता. चावीवाल्याला हसावं की रडावं कळेना. ज्यांच्यापासून वर्षभर लपवलं तेच त्याच्यासाठी शपथा घेत होते, आणि असा वाईट अभिनय करत होते की खरंही खोटं वाटावं.

मुलगी टेबलाशी आली. शिंप्यापुढं दोन ग्लास होते, एक अर्धा, एक भरलेला. तिनं विचारलं, काका, दोन्ही तुमचे? शिंपी म्हणाला, हो, मी हल्ली दोन दोन घेतो. तिनं बॅग खाली ठेवली, भरलेला ग्लास उचलला, हुंगला आणि परत ठेवला.

“बाबा,” ती म्हणाली, “हा कुणाचा?”

शिंप्यानं टेबलाखालून चावीवाल्याच्या पायावर पाय दिला. गप्प बस, मी सांभाळतो. आणि खरंच, नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. शिंप्याचा म्हटलं की शिंप्याचा. पुरावा काय? नात झोपेत तोंड उघडं टाकून आईच्या खांद्यावर पडली होती, एक मोजा पायातून निसटायच्या बेतात होता. चावीवाला त्या मोज्याकडं बघत राहिला. या पोरीला लहानपणी आपल्यापायी खोटं बोलावं लागलं, आता शिंपी बोलतोय. आपल्यासाठी दुसऱ्यांनी खोटं बोलायचं आणि आपण गप्प राहायचं, हेच तर आयुष्यभर चाललंय.

“माझा,” तो म्हणाला.

शिंप्यानं कपाळाला हात लावला.

“प्यायलो नाही,” चावीवाला म्हणाला. “वर्षभर या ग्लासात चहा असायचा. आज चुकून खरी आली. पण हात ग्लासावरच होता, बाळ. तू आली नसतीस तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही.”

एवढं बोलून तो थांबला. ती आता बॅग उचलेल आणि जाईल, असं त्यानं धरलंच होतं. ग्लासात चहा होता म्हणे! असल्या सबबी दारुड्याच्या घरात वाढलेल्या मुलीनं किती ऐकलेल्या असतात. शिंपी एकदा ग्लासाकडं आणि एकदा चावीवाल्याकडं बघत होता, त्याच्या तोंडाला टाका पडलेला सगळ्या बारनं त्या रात्री पाहिला.

तेवढ्यात गल्ल्यावरून तपासनिसाचा आवाज आला. तो उठून उभा राहिला होता. म्हणजे ती चहाची बाटली तुमची होती का हो, त्यानं विचारलं, मी तर भेसळ समजून बेसिनमध्ये ओतली. मग सगळ्यांकडं बघत, जरा ओशाळून, पण आपलं नाक चुकलेलं नाही हे ठसवून तो म्हणाला, चहा उत्तम होता, फक्त जास्त उकळलेला.

ड्रायव्हरनं मान हलवली. शिंप्याला मात्र मनापासून लागलं. वर्षभर मी चहाबरोबर ग्लास भिडवतोय, तो पुटपुटला, आणि तिसऱ्या चहाला हा रडायचा आणि मी याचे डोळे पुसायचो. चावीवाल्यानं मान खाली घातली. मग शिंपी म्हणाला, कंपाउंडरमुळं सांगितलं नाहीस ना. चावीवाल्यानं होय म्हटलं. शिंप्यानं तो भरलेला ग्लास उचलला आणि उठून तपासनिसाच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला. स्वतः प्यायला नाही, हे विशेष.

मुलगी यातल्या कशालाच हसली नाही. तिची नजर बापावरून हलली नव्हती. बाटल्या, चहा, बेसिन, साक्षीदार, सगळं तिनं ऐकून घेतलं होतं आणि बाजूला ठेवलं होतं. तिच्याकडं तपासायची जुनी रीत होती.

“इकडं या,” ती म्हणाली.

तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. तेव्हा तो तिला उचलून घ्यायचा, आता त्यालाच वाकावं लागलं. मधे नात होती, तिचं डोकं सांभाळून तो वाकला. मुलीनं त्याच्या गालाला गाल लावला आणि डोळे मिटून श्वास घेतला. घाई केली नाही. लहानपणी घाई करायची, कारण उत्तर आधीच ठरलेलं असायचं. आता ती तशीच उभी राहिली आणि चावीवाला श्वास रोखून उभा राहिला. मग लक्षात आलं की रोखला तर तिला कळणार कसं, म्हणून त्यानं श्वास सोडला.

ती मागं झाली. डोळे भरले होते. त्याच्याकडं न बघता, जरा बाजूला बघून, आत कुणाला तरी सांगावं तसं ती म्हणाली, “वास नाही.”

चावीवाल्यानं मागं हात करून खुर्ची चाचपली आणि तो मटकन बसला. हे दोन शब्द त्यानं दाराशी उभं राहून किती रात्री ऐकले होते. एकदाही खरे नव्हते.

“धरा हिला,” मुलगी म्हणाली. “खांदा भरून आलाय माझा.”

आणि तिनं नातीला त्याच्या हातांत दिलं. हात स्थिर होते असं सांगितलं तर ते खोटं होईल. थरथरत होते, चांगलेच थरथरत होते, आणि मुलीला ते दिसलं. तिनं निसटलेला मोजा नीट वर ओढला, खुर्ची ओढून बापाशेजारी बसली आणि नातीला परत घेतलं नाही.